मोरचुदातलं तांबं

मोरचुदात तांबं असतं, मग खडे तांब्यासारखे का दिसत नाहीत? शाळकरी मुलांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. तांब्याच्या अणूत 29 प्रोटॉन आणि 29 इलेक्ट्रॉन असतात. मोरचुदात असतो तो तांब्याचा आयन: प्रोटॉन तेवढेच, इलेक्ट्रॉन 27. दोनच इलेक्ट्रॉनांचा फरक, पण पदार्थाचे गुण ठरतात ते बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरच. धातूची चकाकी तर एकट्या अणूचीही नसते. असंख्य अणू एकत्र येऊन त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सामायिक झाले, की ती दिसते.

खड्यांचा निळा रंग आयनाचा, हेही अर्धंच खरं. खडे परीक्षानळीत तापवले की पाणी उडून पांढरी पूड उरते. तिच्यावर पाण्याचे थेंब टाकले की ती पुन्हा निळी होते. निळाई येते ती आयनाभोवती पाण्याचे रेणू असल्यामुळे.

आणखी एक पक्का बसलेला गैरसमज: सोडियमने एक इलेक्ट्रॉन गमावला, उरले 10, म्हणजे तो निऑन झाला. तसं होत नाही. केंद्रकात 11 प्रोटॉन आहेत तोवर ते सोडियमच. अणू इलेक्ट्रॉन आपणहून टाकून देतो, असंही शिकवलं जातं. प्रत्यक्षात सुट्या सोडियम अणूंतून तो काढायला मोलमागे सुमारे 496 किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. मीठ तयार होतं, कारण विरुद्ध प्रभाराचे आयन स्फटिकात एकत्र येताना त्याहून जास्त ऊर्जा बाहेर पडते.

अणू आणि आयन यांची अदलाबदल डोळ्यांनी पाहायची, तर द्राक्षबागेत जावं. तिथे बुरशीनाशक म्हणून फवारतात त्या एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना लागतो. फवारणीआधी जाणते बागायतदार त्यात घासलेला विळा थोडा वेळ बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर तांब्याचे मोकळे आयन शिल्लक आहेत. लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन देऊन आयन होतात आणि द्रावणात उतरतात; तेच इलेक्ट्रॉन घेऊन तांब्याचे आयन पुन्हा धातू होतात. असं मिश्रण फवारलं तर पानं करपतात, म्हणून आणखी चुन्याची निवळी घालून विळा पुन्हा बुडवून बघायचा. मोरचूद लोखंडी बादलीत न कालवता प्लॅस्टिकच्या पिंपात कालवतात, तेही याचसाठी.