धाब्याचे माजघर आणि त्याचा जीर्णोद्धार

धाब्याचे घर ही खानदेशाची जुनी घरबांधणी. तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या चोपडा तालुक्यात जाड भिंतींची, लाकडी सांगाड्याची आणि मातीच्या सपाट छपराची अशी घरे पिढ्यान् पिढ्या बांधली गेली. या भागात पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पडतो, त्यामुळे कोकणासारख्या उतरत्या छपराची गरज नसते. उन्हाळ्यात मात्र पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि फूटभर मातीखालची खोली दुपारीही थंड राहते. लाकूड सातपुड्यातल्या सागाचे. तापीकाठी गाळाचा थर खोल असल्याने भिंतींना दगडापेक्षा माती आणि विटाच सोयीच्या. याच सपाट छपरावर, म्हणजे धाब्यावर, दिवसा कुरडया-पापड वाळतात आणि उन्हाळ्याच्या रात्री घर झोपते.

अशा घरातली मधली खोली म्हणजे माजघर. तिचा सगळा भार लाकडावर असतो. दगडी उथळ्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या आणि कड्यांवर किलचणाची, म्हणजे लाकडी चिपांची, दाट मांडणी. त्यावर काटक्या-पाल्याचा थर देऊन माती चोपतात आणि शेवटी खारी पसरतात. खारी म्हणजे क्षारयुक्त, चिकण पांढरट माती. पाणी लागताच तिचे बारीक कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात, त्यामुळे पाणी खाली न झिरपता पन्हळीकडे वाहते. क्षारामुळे तिच्यात गवतही सहज रुजत नाही.

खोली मोडकळीला येते ती बहुधा पाण्यामुळे आणि वजनामुळे. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीच्या माथ्यावर साचते आणि तुळईचे भिंतीतले टोक कुजते. बाहेरून धडधाकट दिसणारी तुळई आतून उधईने पोखरलेली असू शकते, म्हणून हातोडीने ठोकून आवाज ऐकतात. पोकळ आवाज आला की लाकूड किती खोलवर पोखरले आहे ते टोच्याने पाहतात. वजनाचे कारण सहसा लक्षात येत नाही. दरवर्षी नवी खारी टाकताना जुनी खरवडली नाही, तर थर वाढत जातो. दहा बाय बारा फुटांच्या माजघरावर एक फूट माती असली तरी तिचे वजन साडेपाच ते सहा टन भरते. थर दीड फुटांवर गेला की कड्यांवर आणखी जवळपास तीन टन चढतात आणि त्या मधोमध वाकतात.

म्हणून जीर्णोद्धाराची सुरुवात वरून होते. आधी खोलीचे मोजमाप आणि छायाचित्रे घेतात, प्रत्येक कडीला खूण करतात आणि तुळयांना टेकू देतात. मग धाब्यावरची माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवतात. एकाच बाजूचा भार काढला तर सांगाडा कलतो. चांगली माती चाळून पुन्हा वापरतात.

त्यानंतर लाकूड. अख्खा खांब बदलण्याची वेळ क्वचितच येते. बुंधा कुजला असेल तर तेवढाच कापून जुन्या सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने बसवतात. नवे लाकूड वाळताना आकसते. जुने मुरलेले असते, म्हणून पाडलेल्या वाड्यांचा साग अशा कामात मोलाचा ठरतो. भिंतीत जाणाऱ्या टोकांभोवती हवा खेळेल एवढी जागा सोडतात आणि लाकडाला जवसाचे तेल पाजतात.

भिंतींच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक सिमेंटची असते. मातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि हवेत सोडते. सिमेंटच्या गिलाव्याने ही वाट बंद होते, ओल वर चढते, क्षार बाहेर येऊन लोणा लागतो आणि गिलाव्याआडची माती भुसभुशीत होते. म्हणून सिमेंट खरवडून काढतात, भिंत कोरडी होऊ देतात आणि भुसा मिसळून कुजवलेल्या मातीचा गिलावा पातळ थरांत देतात. वर चुन्याचा हात. धाब्यावरही सिमेंटचा थर टिकत नाही: लाकडी सांगाडा उन्हापावसात हलतो, थराला चीर पडते आणि आत शिरलेले पाणी नजरेआड लाकूड कुजवते.

शेवटी जमीन धुम्मसाने चोपून शेणाने सारवतात. कोनाडे, फडताळे, छपरातला झरोका हे जसे सापडले तसेच राखतात. वास्तुजतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने घातलेली मर्यादा इथेही लागू पडते: अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा. वारसा जतन करणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या २००४ च्या सनदेने त्याला भारतीय जोड दिली आणि पारंपरिक कारागिरांचे जिवंत ज्ञान हाही जपण्याचाच वारसा मानला. खोलीतल्या वस्तूंचेही तेच. जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या घरात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. जाते-मुसळ जागेवर असले की त्या घरातले श्रम समजतात.

दुरुस्त झालेले माजघर पुढे टिकते ते वार्षिक निगेवर. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की मृगाच्या आधी धाबे झाडायचे, जुनी खारी जेवढी खरवडली तेवढीच नवी टाकायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. पहिल्या पावसात आत गळते कुठे ते पाहून तिथेच वर माती दाबायची. पावसाळा सरला की उधईच्या वाटा तपासायच्या आणि दिवाळीपूर्वी भिंतींना चुना द्यायचा.