हरवलेली चावी आणि कारागिराची जबाबदारी

कामठी असो की नागपूर, नुसत्या कानशीवर गाडीची चावी बनवण्याचे दिवस सरत आले आहेत. नव्या मोटारींच्या चावीत चिप असते. तिचा संकेत यंत्रणेला पटल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ही सोय सक्तीची झाली. म्हणून घासलेली चावी दार उघडील, गाडी चालवणार नाही.

चावी हरवल्यास पोलिसांत नोंद करावी व जुन्या चावीचा संकेत पुसून घ्यावा. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी सर्व चाव्या मागते.

कारागीर बंधूंनी आर.सी. व ओळखपत्र पाहून, वहीत नोंद करूनच चावी द्यावी. एक चावी चोराच्या हाती गेली, तर वर्षांची पत जाते. चिपचे काम शिकून घेतल्यास धंदाही टिकेल.