लेस्ली: आधी गाव, मग माणूस

लेस्ली हे मुळात बाईचं नाव आणि पुरुषांनी ते नंतर उचललं, असं पुष्कळांना वाटतं. क्रम उलटा आहे. पुरुषाच्याही आधी लेस्ली हे एका गावाचं नाव होतं.

ते गाव स्कॉटलंडच्या ईशान्येला, ॲबर्डीनशायरमध्ये. तिथली जमीन ज्या घराण्याकडे आली, त्याने गावाचंच नाव आडनाव म्हणून घेतलं. आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखंच. पुढे फाइफ परगण्यातल्या फेटिकिल नावाच्या जागेला याच घराण्यामुळे लेस्ली म्हणू लागले. म्हणजे गावाने माणसाला दिलेलं नाव माणसाने दुसऱ्या गावाला दिलं. मला या नावाच्या प्रवासातला हा टप्पा सर्वात आवडतो.

नावांच्या पुस्तकांत ‘हॉलीची बाग’ असा अर्थ बेधडक छापतात. हॉली म्हणजे काटेरी पानांचं, लाल फळांचं, नाताळच्या सजावटीतलं झाड. गेलिकमधला बाग किंवा कुंपणातली जागा या अर्थाचा शब्द आणि हॉलीचं नाव मिळून लेस्ली झालं, असा तर्क आहे. जुन्या लेखांत शेवटी ‘न’ असलेलं रूप सापडतं, त्यामुळे त्याला थोडं बळ मिळतं. पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. तर्काला तर्कच म्हणावं.

आडनावाचं पाळण्यातलं नाव झालं ते प्रामुख्याने मुलग्यांसाठी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड १९१३ मध्ये जन्मले तेव्हा त्यांचं नाव लेस्ली लिंच किंग होतं. बिलासपूरला जन्मलेले आपले हॉकीपटू लेस्ली क्लॉडियस यांनी १९४८, १९५२ आणि १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण आणि १९६० मध्ये रौप्यपदक मिळवलं.

मुलींकडे हे नाव वळण्यात रॉबर्ट बर्न्स या कवीचा वाटा मोठा. लेस्ली बेली ही तरुणी १७९२ मध्ये वडील आणि बहिणीसह इंग्लंडला निघाली होती. डम्फ्रीजला भेट झाल्यावर बर्न्स घोड्यावरून बरेच मैल त्यांच्या सोबतीला गेला, आणि परतताना त्याने तिच्यावर गीत रचलं. म्हणून बाईचं लेस्ली ही विसाव्या शतकातली टूम, हाही गैरसमजच.

ब्रिटनमध्ये पुरुषाच्या नावात शेवटी ‘आय-ई’ आणि बाईच्या नावात ‘ई-वाय’ लिहायची रूढी पडली, पण तो नियम नव्हे: अमेरिकेत ‘आय-ई’वाल्या बाया कितीतरी. देवनागरीत हा भेद उरतच नाही. उच्चाराचा भेद मात्र आपण नीट लिहू शकतो: ब्रिटनमध्ये बहुधा ‘लेझ्ली’, अमेरिकेत ‘लेस्ली’.