कांचेच्या टाकींतील शेवाळ आणि आपली बोडी

कांचेच्या टाकींत पाणवनस्पति लावून चार मासे पाळण्याचा छंद आतां मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाहीं. आमच्या तुमसरासारख्या धानाच्या बाजारपेठेच्या गांवींहि तो येऊन पोंचला आहे. हा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर हें कीं, दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल अशी टाकी, म्हणजे सुमारें ५६ लिटर पाणी, ही आपल्या बोडीची लहान प्रतच आहे. बोडींत जें घडावयास कित्येक वर्षें लागतात, तें येथें थोड्या आठवड्यांत डोळ्यांसमोर घडतें. टाकींत शेवाळ कां माजतें हें ज्यास उमगलें, त्यास बोडीचें पाणी हिरवें कां झालें हें निराळें सांगावें लागत नाहीं.

नव्या टाकीचा अनुभव बहुधा सर्वांचा सारखाच असतो. पहिल्या पंधरवड्यांत कांचेवर तपकिरी लेप बसतो. मागून पानांच्या कडांवर हिरवे तंतु लोंबूं लागतात, आणि शेवटीं पाणीच हिरवें होऊन मासे दिसेनासे होतात. मालक सर्व पाणी ओतून देतो, टाकी घांसून पुसून भरतो. दहा दिवसांत पुन्हां तेंच. मग तो दुकानांतून औषध आणतो. परंतु शेवाळ हा रोग नव्हे; ती शिल्लक आहे. टाकींत उजेड, नत्र आणि स्फुरद यांची रोज जमा होते. लावलेल्या वनस्पति त्यांतील जेवढें खर्च करतात तेवढें ठीक. उरलेली बाकी शेवाळाच्या खातीं पडते. ज्यानें उभा जन्म जमाखर्चाच्या वह्यांत घालविला त्या माझ्यासारख्या कारकुनास ही गोष्ट चटकन पटते कीं, बाकी खोडून काढल्यानें हिशेब जुळत नाहीं; जमा कमी करावी लागते किंवा खर्च वाढवावा लागतो.

हें तत्त्व नवें नाहीं. लंडन येथील रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानें कांचेच्या पात्रांत दोन लहान सोनेरी मासे ठेवून व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पति लावली. कांहीं दिवसांनीं जुनीं पानें कुजूं लागलीं व पाण्यांत हिरवट गढूळपणा आला. तेव्हां त्यानें पाणगोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकें पान व शेवाळ खाऊन टाकलें आणि पाणी निवळलें. मासा, वनस्पति व गोगलगाय या तिघांचें एकमेकांवर अवलंबून असलेलें कुटुंब बसलें, कीं पात्र टिकतें हें त्यानें दाखविलें. ही व्हॅलिस्नेरिया आपल्या तलावांतहि आढळते. ती विकत आणण्याचेंहि कारण नाहीं.

आतां टाकीची व्यवस्था सांगतों. पहिली गोष्ट उजेडाची. टाकी खिडकीच्या उन्हांत कदापि ठेवूं नये. दिव्याचा उजेड रोज सहा ते आठ तास, ठराविक वेळीं द्यावा. शोभेसाठीं रात्रीं उशिरापर्यंत दिवा जाळणें म्हणजे शेवाळास पाचारण करणें होय. पाणी हिरवें झालेंच असेल, तर टाकी जाड कापडानें तीन दिवस झांकावी व नंतर निम्में पाणी बदलावें. अंधारांत शेवाळ लवकर खचतें. मुळें धरलेल्या वनस्पति तेवढा काळ तग धरतात.

दुसरी गोष्ट खाद्याची. मासे दोन-तीन मिनिटांत खाऊन संपवितील तेवढेंच खाद्य दिवसांतून एकदां घालावें. जें खालीं बसतें तें कुजून खत होतें, आणि आपण न पेरलेलें पीक त्यावर येतें. मासेहि थोडेच ठेवावे. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी काढून तेवढेंच नवें घालावें. नळाचें पाणी असल्यास एक दिवस उघड्यावर ठेवून मग घालावें. येथें शेतकऱ्यानें एक सावधगिरी बाळगावी. ज्या विहिरीभोंवतालच्या जमिनीस युरिया भरपूर पडतो, तिच्या पाण्यांत नत्र उतरलेलें असूं शकतें; तसें पाणी बदलणें म्हणजे खतच घालणें. त्यापेक्षां स्वच्छ सांठविलेलें पावसाचें पाणी त्यांत मिसळावें.

तिसरी गोष्ट वनस्पतींची, व हीच मुख्य. तळाशीं एक इंच शेतांतील साधी माती, जींत शेणखत किंवा रासायनिक खत पडलेलें नाहीं अशी, व तिच्यावर एक इंच धुतलेली वाळू घालावी. वनस्पति पहिल्याच दिवशीं दाट लावाव्या. चार काड्या खोंचून त्या वाढण्याची वाट पाहूं नये, कारण रिकामी राहिलेली जागा तणाची, हा नियम धानाच्या बांधीप्रमाणें येथेंहि लागू आहे. हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया या झपाट्यानें वाढून पाण्यांतील खत ओढून घेतात. त्या वाढल्या म्हणजे छाटाव्या व छाटलेलें टाकीबाहेर काढावें. तेंच त्या खात्यावरील खर्चाचें कलम. मासे मात्र वनस्पतींनीं नवीं पानें फोडल्यावर सोडावे.

आतां बोडीकडे वळूं. धानाच्या बांधींत निळें-हिरवें शेवाळ आपण मुद्दाम वाढवितों. तें हवेंतील नत्र जमिनींत आणतें, हें पी. के. डे यांनीं १९३९ मध्यें दाखवून दिलें. परंतु बांधींतील हा मित्र बोडींत उतरला कीं शत्रु होतो, आणि त्याच्या अंगच्या याच गुणामुळें नुसतें नत्र रोखून तो हटत नाहीं. १९७३ सालीं कॅनडांत डेव्हिड शिंडलर यांच्या मंडळींनीं एक लहान सरोवर मध्यें पडदा लावून दुभागलें. एका भागांत कर्ब व नत्र घातलें. दुसऱ्यांत तींच दोन्ही घालून वर स्फुरद घातलें. स्फुरद घातलेला भाग शेवाळानें हिरवागार झाला, दुसरा निवळ राहिला. तात्पर्य, बोडी राखावयाची तर स्फुरदावर नजर ठेवावी. खत दिल्यावर बांधीचें पाणी बोडींत सोडूं नये. पाणी येण्याच्या वाटेवर गवताचा पट्टा राखावा, म्हणजे माती व तिला चिकटलेलें स्फुरद तेथेंच अडतें. आणि शेणाचे ढीग कांठावर घालूं नयेत. उन्हाळ्यांत बोडी आटली कीं गाळ काढून शेतांत पसरावा. शासनानें २०१७ सालीं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली, तिचें मर्म हेंच: जें पाण्यास विष तेंच जमिनीस अन्न.

खर्चाची बाजू येथेंहि वनस्पतींचीच. आपल्या भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील जुने तलाव कोहळी समाजाच्या मंडळींनीं बांधले. मालगुजारी १९५१ सालीं गेल्यावर पुष्कळ तलावांची देखभाल सुटली आणि त्यांत बेशरम माजली. अर्जुनी मोरगांव भागांत ढिवर बंधूंच्या सहकारी संस्था व भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनीं मिळून बेशरम उपटली, उन्हाळ्यांत तळ नांगरला आणि मूळच्या देशी पाणवनस्पति पुन्हां लावल्या. त्यामुळें तलावांत देशी मासळी व पक्षी परतले. याच्या उलट, जेथें गवत्या मासा वारेमाप सोडला जातो, तेथें तो वनस्पति फस्त करतो. मग वनस्पतींनीं उचलावयाचें खत शेवाळाच्या हातीं जातें.

शेवटीं एक इशारा. शेवाळ दिसतांच मोरचूद टाकण्याची घाई करूं नये. मोरचुदानें शेवाळ मरतें खरें, पण गोगलगाय मरते, वनस्पति करपतात, मासेहि दगावतात. मेलेलें शेवाळ कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खातें. पहांटे मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात, आणि सकाळीं बोडी पांढरी दिसते. कुजलेल्यांतील खत पुन्हां पाण्यांतच राहून नव्या शेवाळास पोसतें. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या कांहीं जाति विषारी असतात, व तें मेलें म्हणजे विष पाण्यांत सुटतें. म्हणून दाट हिरवी साय धरलेल्या पाण्यावर गुरें नेऊं नयेत.

शिवाय टाकी आपली एकट्याची असते, पण गांवचा तलाव तसा नसतो. त्याच्या पाण्यावर, मासळीवर व गुरांच्या पाणवठ्यावर कोणाचा काय हक्क आहे, हें निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या कागदांत लिहिलेलें असतें. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यांत दोहोंस स्थान आहे. तलाठ्याकडे जाऊन आपल्या गांवचे हे कागद एकदां अवश्य वाचावे. तलावांत कांहीं टाकण्यापूर्वीं ग्रामसभेंत विचारावें, आणि टाकण्याऐवजीं काढतां काय येईल याचा विचार आधीं करावा. मुलांनीं घरांत कांचेची टाकी मागितली तर नको म्हणूं नये. तींत पाणी निवळ ठेवावयास शिकलेला मुलगा उद्यां बोडीहि राखील.