झाडीपट्टींतील थंडीच्या रात्री

दिवाळीचे दिवे मालवले म्हणजे शहरांतील घरांना एक प्रकारचें रितेपण येतें. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांच्या झाडीपट्टींत मात्र धान घरांत आलें कीं खरी मौज सुरू होते. तेव्हांपासून होळीपर्यंत गांवोगांवीं नाटकें चालतात. वडसा हें या व्यवसायाचें केंद्र.

खेळ रात्रीं उशिरां उभा राहतो, तो पहांटेपर्यंत. तोहि उघड्यावर, कडाक्याच्या थंडींत! लेकीजांवयांना आधींच निरोप गेलेले असतात. मंडळी घोंगड्या, गोधड्या घेऊन बसतात. मिरविण्यासारखें वस्त्र हवें, तर नागभीड-आरमोरीकडील कोसा आहे. ऐन व अर्जुन वृक्षांच्या पानांवर पोसलेल्या किड्यांचें हें रेशीम. त्याचा मूळचा मधाळ रंग कोणत्याहि रंगाऱ्यास साधणार नाहीं, आणि थंडींत अंगाला ऊबहि देतो.

पूर्वीं दिवसा शंकरपट व रात्रीं नाटक, अशी जोडी असे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यतींस मनाई केली. नाटक मात्र मंडईच्या निमित्तानें चालूच राहिलें. २०२३ सालीं न्यायालयानें शर्यतींचा मार्ग मोकळा केला. त्याच वर्षीं गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या नांवावर ५,००० हून अधिक प्रयोग व सुमारें ८०० भूमिका आहेत.

नट-वादकांची वर्षाची बेगमी या चार-पांच महिन्यांवरच. एक अवकाळी पाऊस आला, तर त्या रात्रीचा खेळ बुडतो. म्हणूनच उजाडतांच सामान गाडींत भरून मंडळी पुढच्या गांवाची वाट धरतात.