ग्रामोफोनची कमान

माळ्यावरचा जुना ग्रामोफोन खाली येतो, चावी दिली जाते, तबकडी फिरू लागते आणि दीड मिनिट होते न होते तोच गवयाचा आवाज जड होत होत खर्जात बुडतो, तेव्हा घरची मंडळी ‘कमान गेली’ असा निवाडा देऊन मोकळी होतात. हा निवाडा बहुधा अन्यायाचा असतो. पोलादाची ती पट्टी अजून धडधाकट असते. कसूर असते ती वर्षानुवर्षे कोणी न बदललेल्या वंगणाची.

ग्रामोफोनचा शोध लावणाऱ्या बर्लिनरची आरंभीची यंत्रे दांडा हाताने फिरवून वाजवावी लागत, आणि हात थकला की सूर ढळे. १८९६ च्या सुमारास अमेरिकेतील कॅमडेनच्या एल्ड्रिज जॉन्सन या कारागिराने त्यांना कमानीचे यंत्र जोडले, तेव्हा कुठे ग्रामोफोन संगीताच्या कामाचा झाला.

ही कमान पितळी वा लोखंडी डबीत वेटोळे घालून बसलेली असते. वंगण ताजे असते तोवर तिचे वेढे एकमेकांवरून निमूट सरकतात. ते वाळले की वेढे चिकटतात, जोर साठतो, आणि एकदम सुटले की पेटीत ‘धप्’ असा आवाज होऊन सुई उडते. गेल्या पावसाळ्यात मी अशीच एक डबी उघडली, तेव्हा आत वंगण म्हणावे असे काही उरलेच नव्हते. वाळलेल्या डिंकासारखा काळा थर नखाने खरवडावा लागला.

मात्र डबीला हात लावण्यापूर्वी चावीचा शेवटचा फेराही उतरू द्यावा, यात हयगय नको. चावी भरलेली असताना गती आवरणारा गव्हर्नर काढला, तर सारी चाके बेफाम सुटून दाते मोडतात. उतरलेली कमानही डबीत दबूनच असते. म्हणून जाड हातमोजे घालून, वर फडके धरून, मधल्या टोकापासून एकेक वेढा बाहेर घ्यावा. निसटलेली पट्टी बोटे कापते. मग ती रॉकेलने धुवावी, कोरडी पुसावी, टोकांच्या भोकांपाशी तडा नाही ना हे उजेडात पाहावे, आणि ग्राफाइटयुक्त ग्रीसचा पातळ हात देऊन पूर्वीच्याच दिशेने पुन्हा बसवावी.

मला सर्वांत विलोभनीय वाटतो तो गव्हर्नर. त्याच्या आसाभोवती पातळ पात्यांवर शिशाचे तीन गोळे असतात. वेग वाढला की ते बाहेर फाकतात, आसावरची चकती ओढली जाते आणि चामड्याच्या वा नमद्याच्या तुकड्याला घासून वेगाला लगाम बसतो. तो तुकडा कोरडा पडला की सूर थरथरतो. तेलाचा एक थेंब त्याला पुरतो.

हा सारा खटाटोप सुरासाठी आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी ७४ झाल्या, तर आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरतो. काळी एकमध्ये गायलेला राग पांढरी एकमध्ये ऐकू येतो, आणि आपण त्या गवयाच्या गळ्याविषयीच गैरसमज करून घेतो. म्हणून तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अशी ठेवावी की तिचे टोक बाहेर डोकावेल, आणि घड्याळ समोर धरून ती मिनिटात किती वेळा डोळ्यांपुढून जाते ते मोजावे. ही मोजणी सुई तबकडीवर टेकवूनच करावी, कारण सुईचा भार पडताच वेग थोडा उतरतो. वेगाचा खिळा मग केसाकेसाने फिरवीत राहावा, चिठ्ठी अठ्ठ्याहत्तर वेळा जाईपर्यंत.