जेसीएलचा जाच आणि रेक्सची सोय

आयबीएमच्या मेनफ्रेमवर रात्री व्याजाची आकारणी, पगारपत्रके अशी थप्पीने (बॅचमध्ये) कामे चालतात ती जेसीएलच्या (जॉब कंट्रोल लँग्वेज) आदेशांवर. ओएस/३६० या कार्यप्रणालीबरोबर १९६० च्या दशकात आलेली ही भाषा पंच कार्डांच्या जमान्यातली. ओळ दोन तिरप्या रेघांनी सुरू करायची आणि मजकूर ७१ व्या रकान्यापर्यंत आटोपायचा. तिच्यातली ‘कॉन्ड’ची अट तर उलट्या काळजाची: अट खरी ठरली की कामाची ती पायरी चालत नाही, वगळली जाते! ओएस/३६० प्रकल्पाचे प्रमुख राहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनीच पुढे जेसीएलला सर्वांत वाईट संगणकभाषा ठरवले. मग सोपा पर्याय म्हणून ‘रेक्स’चे नाव निघते आणि त्यासोबत काही गैरसमजही.

गैरसमज: रेक्स आली की जेसीएलची सुट्टी.

वस्तुस्थिती: कोणता प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याला कोणते डेटासेट लागतील, हे बॅचच्या कामात आजही जेसीएलच सांगते. रेक्सने जागा घेतली ती व्हीएम प्रणालीवरच्या एक्झेक आणि एक्झेक २ या भाषांची. टीएसओ या मेनफ्रेमच्या संवादी सोयीवर ती सीलिस्ट या आदेशभाषेच्या शेजारी नांदते, म्हणूनच तिथे ओळख पटावी यासाठी प्रोग्रॅमच्या पहिल्या कॉमेंटमध्ये ‘रेक्स’ हा शब्द लिहिण्याची रीत पडली. जेसीएल आणि रेक्स एकमेकींच्या मदतीलाही येतात. जेसीएलची पायरी ‘आयआरएक्सजेसीएल’ या प्रोग्रॅमला बोलावून रेक्स चालवते, उलट रेक्स वापरणाऱ्याला तारीख विचारून, ती घातलेले जेसीएल तयार करून सबमिट करू शकते.

गैरसमज: मेनफ्रेमची भाषा म्हणजे कंपनीच्या समितीने बसवलेली किचकट भाषा.

वस्तुस्थिती: आयबीएमचे माइक कॉलिशॉ यांनी मार्च १९७९ मध्ये रेक्सचे काम हाती घेतले, तेही सुरुवातीला स्वतःच्या वेळात. कंपनीच्या अंतर्गत जाळ्यावरून वापरणारे सूचना पाठवत आणि भाषा त्याबरहुकूम बदलत जाई. रेक्समध्ये चल आधी जाहीर करावे लागत नाहीत. प्रत्येक मूल्य म्हणजे अक्षरांची माळ. ‘२०२४-०३-१५’ या मजकुरातून वर्ष, महिना आणि दिवस वेगळे काढायला ‘पार्स’ची एक ओळ पुरते.

गैरसमज: अक्षरांच्या माळेवर कसले आले गणित?

वस्तुस्थिती: रेक्सचा हिशेब दशमान पद्धतीचा. कित्येक भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज द्विमान अपूर्णांकांमुळे किंचित चुकते, रेक्समध्ये ती नेमकी ०.३ येते. एरवी ९ सार्थ अंकांपर्यंत चालणारी आकडेमोड एका आदेशाने ५० अंकांपर्यंत नेता येते.

गैरसमज: ती मेनफ्रेमबाहेर गेलीच नाही.

वस्तुस्थिती: अमिगा संगणकांवर ती ‘एरेक्स’ म्हणून आली, ओएस/२ मध्ये अंगभूत होती आणि पीसी डॉस ७ मध्ये तिने क्यूबेसिकची जागा घेतली. १९९६ मध्ये तिचे अमेरिकी ‘अन्सी’ मानक ठरले.

गैरसमज: इतक्या सोप्या भाषेतून मोठे काही घडत नाही.

वस्तुस्थिती: डिसेंबर १९८७ मध्ये जर्मनीतल्या एका विद्यापीठातून ‘ख्रिसमस ट्री’ नावाचा छोटा रेक्स प्रोग्रॅम बाहेर पडला. तो पडद्यावर चांदण्यांचे झाड काढी आणि तेवढ्यात वापरणाऱ्याच्या पत्त्यांच्या यादीतल्या सर्वांना स्वतःची प्रत धाडी. बघता बघता विद्यापीठांची आणि आयबीएमची जाळी त्याने तुंबवली. मजकूर कुणालाही वाचता येण्याजोगा होता. तरी लोकांनी तो न वाचताच चालवला.